अध्यक्ष व्हा, पण प्रशिक्षणाला एकटे जाऊ नका

पत्र:

प्रिय ताई,

मी मूळचा सांगलीचा, आता पेनसिल्व्हेनियात राहतो. सात वर्षांपूर्वी ऑफिसमधल्या एका सहकाऱ्याने मला जवळजवळ ओढतच बार्बरशॉप कोरसच्या रिहर्सलला नेलं. साथीला एकही वाद्य नाही, नुसते चार आवाज, आणि मधेच सूर असा जुळून येतो की अंगावर काटा येतो. तेव्हापासून मंगळवारची संध्याकाळ मी सहसा चुकवत नाही. टेनर, लीड (मुख्य चाल), बॅरिटोन आणि बास या चार आवाजांपैकी मी बॅरिटोन गातो.

आमच्या चॅप्टरमध्ये, म्हणजे बार्बरशॉप हार्मनी सोसायटीच्या इथल्या शाखेत, एकेकाळी साठ जण होते म्हणतात. आता रायझरवर (कोरस उभा राहतो त्या पायऱ्यांवर) विसेक उभे राहतात, त्यातले निम्म्याहून जास्त सत्तरीपुढचे. लोक कमी झाल्यामुळे सगळी कामं तीन-चार जणांवर येऊन पडली आहेत. गाणी निवडायची कोरसकडून गाऊन घेणाऱ्या डायरेक्टर बाईंनी, नव्या माणसांना फोन करायचे त्यांनीच, चर्चच्या हॉलची किल्लीही त्यांच्याकडेच. त्या थकल्या आहेत, पण बोलून दाखवत नाहीत. अकरा वर्षं एकच गृहस्थ अध्यक्ष होते, ते आता तब्येतीमुळे थांबताहेत. निवडणुकीत कुणी हात वर करेना, तेव्हा सगळे माझ्याकडे बघायला लागले. जानेवारीपासून मी अध्यक्ष.

डिस्ट्रिक्टची (आसपासच्या चॅप्टरांच्या विभागाची) लीडरशिप अकॅडमी, म्हणजे पदाधिकाऱ्यांचं प्रशिक्षण शिबिर आहे, तिला जाऊन ये असं सगळे म्हणताहेत. शनिवार-रविवार जाणार, हॉटेलचा खर्च वेगळा. ताई, मी गायला आलो होतो, खुर्चीसाठी नाही. इथल्या मराठी मंडळाच्या कमिटीपासूनही मी कायम लांब राहिलो. शिवाय कोरसमध्ये गोरा नसलेला मी एकटाच. ही मंडळी माझं ऐकतील का? आणि दोन दिवसांच्या शिबिराने मरणपंथाला लागलेला कोरस खरंच उभा राहतो का?

— एक बॅरिटोन

उत्तर:

प्रिय बॅरिटोन,

जा. अध्यक्षपद घ्या आणि अकॅडमीलाही जा. फक्त एकटे जाऊ नका. तुमच्याबरोबर आणखी तिघं हवेत, आणि शक्यतो चौघं एकाच गाडीतून जा. अशी तिघं मिळत नसतील तर तो तुमच्या चॅप्टरचा पहिला प्रश्न समजा, आणि शिबिराचे पैसे भरण्याआधी तोच सोडवा.

असं का म्हणते ते सांगते. तुम्ही लिहिलंय की लोक कमी झाले म्हणून कामं तीन-चार जणांवर आली. मी बायकांच्या बार्बरशॉप कोरसमध्ये बरीच वर्षं बास गाते आहे, आसपासचे कोरस वाढताना आणि बंद पडतानाही पाहिलेत. मला हे बहुतेक ठिकाणी उलट्या क्रमाने घडताना दिसलं. कामं आधीपासूनच तीन-चार जणांच्या हातात होती, म्हणून लोक कमी होत गेले. ज्याच्या हातात काहीच काम नाही तो पाहुणाच राहतो, आणि पाहुणा कधी ना कधी आपल्या घरी जातो. घरात आजारपण आलं, नोकरी बदलली, गुडघे दुखायला लागले की त्याची पहिली सुट्टी पडते ती मंगळवारच्या रिहर्सलची. ज्याच्याकडे रायझर लावायचं किंवा नव्या माणसाला गाडीतून आणायचं काम आहे, तो गुडघ्याला पट्टा बांधून येतो.

अकरा वर्षं एकाच माणसाने अध्यक्षपद सांभाळलं हे वाचून मला त्या गृहस्थांबद्दल आदरच वाटला. पण त्या अकरा वर्षांत दुसरा कुणी तयार झाला नाही, आणि त्याची किंमत आता तुम्ही सगळे मोजताय. तुम्ही मेहनत करून तुमची अकरा वर्षं भराल, तर तुमच्यानंतर खोलीत दहा जण उरलेले असतील. म्हणून या वर्षी तुमचं खरं काम एकच आहे: चॅप्टरमधल्या जास्तीत जास्त लोकांच्या हातात एकेक खरं काम देणं, आणि ते कसं करायचं हे त्यांना शिकायला मिळेल असं बघणं. गाणं सुधारेल, पाहुणे टिकतील, पैसेही येतील, पण त्या सगळ्याला सुरुवात इथून होते.

आता त्या अकॅडमीबद्दल. पूर्वी तिला चॅप्टर ऑफिसर्स ट्रेनिंग स्कूल म्हणत. तुमच्याकडचे जुने लोक अजून 'कॉट्स' म्हणत असतील. नेतृत्वावर कुणीतरी भाषण ठोकणार आणि आपण चहा पीत ऐकणार, असं काहीसं चित्र तुमच्या डोळ्यासमोर असावं असं पत्रावरून वाटतं. तिथे पदानुसार वेगवेगळे वर्ग असतात. अध्यक्षांचा वेगळा, सचिवांचा वेगळा, खजिनदारांचा वेगळा, सदस्यवाढ बघणाऱ्यांचा आणि संगीताची बाजू सांभाळणाऱ्यांचा आणखी वेगळा. एक माणूस एका वेळी एकाच वर्गात बसू शकतो. तुम्ही एकटे गेलात तर अध्यक्षांच्या वर्गातलं तेवढं घेऊन याल. बाकीच्या वर्गांत जे शिकवलं ते तुमच्या चॅप्टरला कळणारच नाही, आणि मंगळवारी तुम्ही उत्साहाने काही सांगायला लागाल तेव्हा वीस चेहरे नुसते बघत राहतील. चौघं गेलात तर मंगळवारी बोलायला चार तोंडं असतात.

त्याहून महत्त्वाचा आहे परतीचा रस्ता. रविवारी दुपारी गाडीत बसल्यावर डोकं ताजं असतं, ऐकलेलं विसरलेलं नसतं, आणि दोन-तीन तास कुणाला उठून कुठे जाता येत नाही. वर्षाचा आराखडा त्या गाडीत ठरतो. मागे बसलेल्या कुणीतरी कागदावर तीनच गोष्टी लिहायच्या. शिबिरातून पंचवीस कल्पना घेऊन परत आलेले चॅप्टर मी बघितलेत, मार्चपर्यंत त्यातली एकही शिल्लक नव्हती.

शनिवारी रात्री लवकर झोपू नका. हॉटेलच्या लॉबीत, जिन्यात, लिफ्टसमोर लोक टॅग, म्हणजे गाण्यांच्या शेवटचे छोटे तुकडे, गात उभे असतात. तिथे शेजारच्या चॅप्टरचा अध्यक्ष भेटतो, त्याच्याकडेही वीसच माणसं असतात, आणि त्याने काय केलं, काय फसलं हे तो वर्गात सांगणार नाही इतक्या मोकळेपणाने सांगतो. मार्गदर्शक म्हणून अशा एकाचा फोन नंबर घेतल्याशिवाय परत येऊ नका.

बरोबर कुणाला न्यायचं? डायरेक्टर बाईंना नेऊ नका, त्यांना त्या शनिवार-रविवारी घरी विश्रांती घेऊ द्या. सचिव किंवा खजिनदार यांपैकी एक घ्या. संगीत समितीतला एक घ्या. तिसरा मात्र असा निवडा, की जो गेल्या दोन वर्षांतच आलाय आणि ज्याला कुठलंही पद नाही. आपण दारातून पहिल्यांदा आत आलो तेव्हा कसं वाटलं होतं, हे फक्त त्यालाच नीट आठवत असतं. सदस्यवाढीचं काम त्याच्याकडे द्या.

इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण माझ्या मते कोरस जगतो किंवा मरतो तो त्या दारातच.

मंगळवारी सातला पाच मिनिटं असताना एक माणूस चर्चच्या पार्किंगमध्ये येतो. गाडी बंद करून थोडा वेळ आतच बसतो, जावं की परत फिरावं अशा विचारात. मग हॉलच्या दाराशी येतो. आत पंधरा लोक एकमेकांशी जोरजोरात बोलताहेत. दोघं वळून हसतात आणि परत आपल्या गप्पांत शिरतात. कुणीतरी येऊन विचारतं, "कुठला पार्ट गाता?" त्याला माहीत नसतं. शाळेत असताना गायलो होतो, असं तो पुटपुटतो. त्याच्या हातात जाडजूड फोल्डर येतं, ज्यात चाळीस गाणी असतात, आणि त्याला लीडच्या रांगेत अगदी कडेला उभं करतात. सव्वा तास तो ओठ हलवत राहतो. मधल्या सुट्टीत सगळे आपापल्या जुन्या मित्रांत, तो कॉफीचा कप घेऊन भिंतीवरचे फोटो बघतो. नंतर वीस मिनिटं सूचना चालतात: टी-शर्टचे पैसे, बसची वेळ, कुणाचं ऑपरेशन. साडेनऊला तो "छान होतं" म्हणतो आणि जातो. तीन दिवसांनी डायरेक्टर बाईंचा फोन जातो, तो उचलत नाही. आणि चॅप्टरमध्ये लोक म्हणतात, आजकाल कुणाला चार आवाजांत गायची आवडच राहिली नाही.

आता हाच माणूस, हाच मंगळवार, पण थोडी तयारी केलेली. दारात एक जण उभा आहे, त्याची आज पाळी आहे. तो पार्ट विचारत नाही, नाव विचारतो, कुठून आलात, कुणी सांगितलं हे विचारतो, छातीवर नावाची चिठ्ठी लावतो. पाहुण्याच्या फोल्डरमध्ये तीनच गाणी आहेत, आणि आज तीच तीन घेतली जाणार आहेत. त्याच्या दोन्ही बाजूंना पक्क्या सुराची माणसं उभी आहेत, म्हणजे कानात योग्य स्वर सतत पडत राहतो. सुट्टीत चौथ्या पार्टची जागा त्याच्यासाठी मोकळी ठेवून तिघं जण त्याला बाजूला नेतात आणि एक टॅग शिकवतात. टॅग केवढा असतो हे तुम्हाला सांगायला नको, पण वाचकांसाठी सांगते: चार-सहा मापांचा, म्हणजे अगदी छोटा असतो, कागद न वापरता ऐकूनच शिकवतात. असा टॅग निवडायचा ज्यात एका आवाजाला एकच स्वर लांब धरायचा असतो आणि बाकीचे तीन आवाज त्याच्याभोवती स्वरसंगती, म्हणजे एकत्र लागणाऱ्या स्वरांचे मेळ, बदलत जातात. तो धरायचा स्वर पाहुण्याला द्यायचा. त्याने फक्त श्वास घेऊन तो स्वर धरून ठेवायचा. शेवटच्या स्वरसंगतीवर चौघांचे आवाज जुळले की वर कुठेतरी पाचवाच आवाज वाजायला लागतो, आणि त्या माणसाचा चेहरा बघण्यासारखा होतो. सात वर्षांपूर्वी तुमचाही तसाच झाला असणार.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्याला दोन ओळींचा मेसेज जातो, तोही शेजारी उभ्या राहिलेल्या माणसाकडून. "काल मजा आली, पुढच्या मंगळवारी मी तुमच्या बाजूनेच येतो, उचलू का?" एवढाच. पुढे ऑडिशन होईपर्यंत तोच माणूस त्याचा सोबती. त्याला रेकॉर्डिंग कुठून ऐकायची ते दाखवायचं, अडलेली ओळ पार्किंगमध्ये म्हणून घ्यायची, हे सगळं त्याचं काम.

मोजा, यात किती जणांना काम मिळालं: दारातला एक, शेजारचे दोन, टॅगवाले तिघं. डायरेक्टर बाईंना यात काहीच करावं लागलं नाही. सदस्यवाढ बघणाऱ्याने अकॅडमीत जाऊन शिकायचं ते हे: पाळ्या कशा लावायच्या, सोबती कसे निवडायचे, दोन महिन्यांत गळून गेलेल्या माणसाला दोषी न ठरवता पुन्हा कसं विचारायचं. आणि सूचनांची वीस मिनिटं तुमच्या हातात आहेत, त्यांची पाच करा, उरलेलं ईमेलवर टाका. अध्यक्षाने लोकांवर केलेला तो सगळ्यात मोठा उपकार असेल.

बोलावणं जातं कसं, हेही बघा. तुमच्या सोसायटीचा जन्मच एका बोलावण्यातून झाला. ओक्लाहोमातल्या टल्साचे दोन गृहस्थ, वकील ओ. सी. कॅश आणि बँकर रूपर्ट हॉल, वादळामुळे कॅन्सस सिटीच्या म्यूलबाख हॉटेलात अडकून पडले होते. तिथे दोघांना गायची लहर आली, आणि परत गेल्यावर त्यांनी ओळखीच्यांना पत्रं धाडली. ११ एप्रिल १९३८ च्या संध्याकाळी टल्सा क्लबच्या गच्चीवर २६ जण जमले. काही आठवड्यांतच इतकी गर्दी झाली की खाली रस्त्यावर वाहतूक अडली आणि वर्तमानपत्रवाले चौकशीला आले. पुढे हजारो सदस्यांची जी संस्था उभी राहिली, आज जिला आपण बार्बरशॉप हार्मनी सोसायटी म्हणतो आणि जिचं मुख्यालय नॅशव्हिलला आहे, तिची सुरुवात नावानिशी पाठवलेल्या त्या पत्रांतून झाली. फेसबुकवर 'गायक हवेत' अशी जाहिरात टाकायला माझी हरकत नाही, तिला फारसे पैसे लागत नाहीत. पण माणूस येतो तो कुणीतरी त्याला 'तू ये' म्हटल्यावर. तुम्हीही तसेच आलात.

आता गाण्याविषयी, कारण तुम्ही सांगलीचे आहात आणि हे तुम्हाला चटकन कळेल. मिरजेचा तंबोरा नीट लागला की खर्जाच्या तारेतून कुणी न छेडलेला गंधार ऐकू येतो, त्याला आपण स्वयंभू गंधार म्हणतो. बार्बरशॉपच्या स्वरसंगतीचा झणत्कार त्याच नियमाने होतो. सा, ग, प आणि कोमल नी हे चार स्वर ४:५:६:७ या प्रमाणात बसले की त्यांचे वरचे अंश, म्हणजे प्रत्येक स्वरातून आपोआप उमटणारे वरचे स्वर, एकमेकांवर चपखल पडतात. पियानोचा गंधार यापेक्षा किंचित चढा असतो, आणि पियानोचा कोमल निषाद तर चांगलाच चढा. म्हणून बॅरिटोनला किंवा टेनरला जेव्हा तो निषाद येतो, तेव्हा पियानोवर शिकलेला माणूस तो वरच ठेवतो आणि स्वरसंगती वाजत नाही. तुमच्या कानाला हा फरक लहानपणापासून ठाऊक आहे. चॅप्टरमधल्या इतरांना तो पंधरा मिनिटांत दाखवता येतो: बास आणि लीडने सा-प धरायचं, बाकीच्यांनी ग आणि नी हळूहळू खाली आणायचे, जिथे वाजेल तिथे थांबायचं.

नेतृत्वाच्या गोष्टीत हे कशाला आणलं, तर नेतृत्वाची जी कमतरता तुम्हाला खुर्च्यांत दिसतेय, ती रायझरवर जास्त आहे. चार पार्टना चार प्रमुख हवेत, जे दर मंगळवारी पंधरा-वीस मिनिटं आपला पार्ट वेगळ्या खोलीत नेऊन घासून घेतील. दोन सहायक डायरेक्टर हवेत, ज्यांच्याकडे एकेक गाणं पूर्णपणे सोपवलेलं असेल, शिकवण्यापासून कार्यक्रमात डायरेक्ट करण्यापर्यंत. ही माणसं आकाशातून पडत नाहीत. सोसायटीची हार्मनी युनिव्हर्सिटी दर उन्हाळ्यात आठवडाभर भरते, तिथे डायरेक्टरांसाठी खास वर्ग असतात, त्यात अगदी नवशिक्यांनाही घेतात. डिस्ट्रिक्टकडे आणि सोसायटीकडे त्यासाठी शिष्यवृत्ती मिळतात का, हे तुमच्या संगीतवाल्याने अकॅडमीतच विचारून घ्यावं. दर वर्षी तुमच्या रांगांमधून एक माणूस तिथे जावा, आणि त्याचा निम्मा खर्च तरी चॅप्टरने उचलावा. नव्या गणवेशांपेक्षा हा खर्च आधी करा, असं माझं ठाम मत आहे. डिस्ट्रिक्टच्या स्पर्धेलाही उतरा, शेवटचा नंबर आला तरी चालेल. स्पर्धा संपल्यावर जज तुमच्याबरोबर बसून तुमच्या गाण्यावर बोलतात. त्या दर्जाचं मार्गदर्शन एरवी पदरमोड करून आणावं लागतं.

डायरेक्टर बाईंशी मात्र आधी बोला, अगदी याच आठवड्यात. त्यांना विचारा, यातली कुठली कामं त्यांना मनापासून आवडतात आणि कुठली नाइलाजाने करताहेत. किल्ली, फोन, कॉफीची यादी यांतून त्यांना मोकळं करा. काही जणांना कामं सोडवत नाहीत, वर्षानुवर्षांची सवय असते. अशा वेळी घाई करू नका, एका वेळी एकच काम काढून घ्या, आणि ज्याला दिलं त्याने ते जरा वेगळ्या पद्धतीने केलं तर कुणीही ते दुरुस्त करायला धावायचं नाही, असं सगळ्यांसमोर ठरवून टाका. काम दिलं पण विश्वास दिला नाही, तर ते महिन्याभरात परत बाईंच्या टेबलावर येतं.

सत्तरीपुढच्या मंडळींबद्दल तुम्ही जे लिहिलंय त्यात थोडी काळजी आहे, ती बरोबर आहे. पण त्यांना अडचण समजू नका. त्यांच्यातला कुणी निवृत्त हिशेबनीस असेल, कुणी शाळेत संगीत शिकवलेला, कुणी वायरमन. कुणाला शेकडो टॅग तोंडपाठ असतील. जानेवारीत तुम्ही त्या विसांपैकी प्रत्येकाला स्वतः फोन करा. दोनच प्रश्न विचारायचे: मंगळवारी तुम्ही कशासाठी येता, आणि असं कुठलं एक काम आहे जे तुम्ही आनंदाने कराल. उत्तरं लिहून ठेवा. माझा अनुभव असा आहे की निम्म्या लोकांना आजवर हे कुणी विचारलेलंच नसतं. मावळत्या अध्यक्षांनाही बोर्डावर ठेवा, माजी अध्यक्ष म्हणून तशी जागा असतेच. गावातल्या कुठल्या चर्चमध्ये, वृद्धाश्रमात, क्लबात कुणाला विचारायचं हे त्यांच्याइतकं कुणालाच ठाऊक नसेल. त्यांनी ते एखाद्या तरुण माणसाला बरोबर नेऊन दाखवावं.

तुमचा सगळ्यात अवघड प्रश्न मी टाळत नाहीये. ही मंडळी माझं ऐकतील का, हा प्रश्न तुम्ही हवेतून काढलेला नाही. या गाण्याची मुळं अमेरिकेतल्या काळ्या लोकांच्या गायनात आहेत. न्यू ऑर्लिन्सच्या रस्त्यांवर लहानपणी अशाच चौघांत गाणारा एक मुलगा म्हणजे लुई आर्मस्ट्राँग. लिन अॅबट या संशोधकाने १९९२ साली ही मुळं पुराव्यानिशी मांडली. आणि तरी १९४१ साली न्यूयॉर्कच्या स्पर्धेत जिंकलेल्या ग्रँड सेंट्रल रेड कॅप्स या काळ्या गायकांच्या क्वार्टेटला (चौघांच्या गटाला) सोसायटीच्या सेंट लुइसमधल्या राष्ट्रीय स्पर्धेत गाऊ दिलं गेलं नाही. न्यूयॉर्कचे माजी गव्हर्नर अल स्मिथ आणि तिथले उद्यान आयुक्त रॉबर्ट मोझेस यांनी निषेध म्हणून सोसायटी सोडली, पण काळ्या गायकांसाठी सोसायटीची दारं १९६३ पर्यंत बंदच राहिली. बायकांच्या स्वीट अॅडेलाइन्स या बार्बरशॉप संस्थेचीही गोष्ट वेगळी नव्हती. तिथल्या वर्णभेदाला विरोध करून बाहेर पडलेल्यांनी १९५९ साली हार्मनी इन्कॉर्पोरेटेड ही वेगळी संस्था काढली. सोसायटीने सगळ्यांना सामावून घेण्याचं धोरण २०१७ मध्ये जाहीर केलं आणि २०१८ पासून स्त्रियांना पूर्ण सदस्यत्व दिलं.

हा इतिहास तुमच्या चॅप्टरमधल्या सगळ्यांना माहीत असेलच असं नाही, आणि तुम्ही पहिल्याच मंगळवारी तो ऐकवावा असंही मी म्हणत नाही. पण तुम्हाला तो माहीत असावा. हे गाणं कुणा एकाच्या मालकीचं कधीच नव्हतं, तेव्हा त्या खुर्चीवर बसताना तुम्ही कुणाच्या घरात उपरे म्हणून शिरत नाही आहात. आणि व्यवहाराचं सांगायचं तर, त्यांनीच तुमच्याकडे बघितलं. सात वर्षं न चुकता येणारा, स्वतःचा पार्ट पाठ करून येणारा माणूस त्यांनी पाहिलाय. तरीही एखाददुसरा कुरकुर करेल, तुमच्या उच्चारांवर काहीतरी बोलेल. त्याला एकटं गाठून शांतपणे बोला, आणि तरी थांबला नाही तर बोर्डाने बोलायला हवं, तुम्ही एकट्याने नाही. तेवढी हमी बोर्डाकडून आधीच मागून घ्या.

मंडळाच्या कमिटीची भीती मी समजू शकते. रात्री अकरापर्यंत चालणाऱ्या मीटिंगा, जेवणाच्या कंत्राटावरून रुसवेफुगवे, हे आपण सगळ्यांनी पाहिलंय. म्हणून स्वतःला मुदत घालून घ्या. दोन वर्षं, त्यापुढे एक दिवस नाही, आणि हे पहिल्याच मीटिंगमध्ये जाहीर करा. उपाध्यक्ष असा घ्या जो तिसऱ्या वर्षी तुमच्या जागी बसेल, आणि त्याला पहिल्या दिवसापासून प्रत्येक पत्रावर, प्रत्येक फोनवर बरोबर ठेवा. बोर्डाची मीटिंग महिन्यातून एकदा, नव्वद मिनिटांत संपणारी, रिहर्सलच्या दिवशी नाही. मंगळवारी तुम्ही फक्त बॅरिटोन. मंगळवारी कुणी हॉलच्या भाड्याचा विषय काढला तर त्याला हसून सांगा, उद्या फोन करतो. तुमचं गाणं सुटलं तर तुम्ही दोन वर्षंही टिकणार नाही.

कागदपत्रांचं थोडक्यात सांगते. खजिनदाराने सगळ्यात आधी बघायचं ते करखात्याचं वार्षिक विवरण. वर्षाची जमा साधारण ५०,००० डॉलरपर्यंत असेल तर ९९०-एन हे छोटं ऑनलाइन विवरण पुरतं, पण ते सलग तीन वर्षं राहिलं तर करमाफीचा दर्जा आपोआप जातो. अकरा वर्षांच्या कारभारात असं काही राहून गेलं नाही ना, हे तपासा. दुसरं, गाण्यांच्या प्रती. प्रत्येक गायकाकडे कायदेशीर विकत घेतलेली प्रत हवी, झेरॉक्स चालत नाही. नव्या गाण्यांचं बजेट करताना हे धरा.

पहिलं मोठं काम म्हणून १४ फेब्रुवारी घ्या. क्वार्टेट घरोघरी, ऑफिसात, शाळेत जाऊन व्हॅलेंटाइनची गाणी म्हणतात, त्याचे पैसे चॅप्टरला मिळतात. याची जबाबदारी आजवर काहीच न केलेल्या दोघांना द्या. तारीख ठरलेली, काम छोटं, आणि संध्याकाळपर्यंत निकाल हातात. लोकांना जबाबदारीची सवय लागायला असंच काम लागतं. पुढच्या दिवाळीत तुमच्या मराठी मंडळात एका क्वार्टेटला दोन गाणी म्हणू द्या. कमिटीत न जाताही मंडळाला काही देता येतं, आणि चार आवाजांत गायला उत्सुक असलेलं कुणीतरी तिथे नक्की बसलेलं असेल.

शिबिराने कोरस उभा राहतो का? नुसत्या शिबिराने नाही राहत. शिबिरानंतरच्या सहा महिन्यांत कळतं. जूनअखेरीस चौघांनी पुन्हा बसा आणि दोन गोष्टी बघा: किती लोकांकडे नवं काम आलं आणि त्यांनी ते केलं, आणि आलेल्या पाहुण्यांपैकी किती जण तिसऱ्या आठवड्यातही आले. आकडा मोठा नसला तरी चालेल, पण वर सरकत असायला हवा. महामारीत वर्षभराहून जास्त काळ रिहर्सल बंद राहिल्यानंतर अनेक कोरस असेच पाच-सहा माणसांच्या जोरावर पुन्हा सुरू झाले आहेत. सगळं करूनही कुणीच काही उचलायला तयार नसेल, तर शेजारच्या चॅप्टरशी एकत्र येण्याचा विचार मोकळेपणाने करा. त्यात कमीपणा काही नाही. चाळीस माणसांच्या एका कोरसमध्ये तुमच्या डायरेक्टर बाई आणि त्यांची वीस माणसं सुखाने गातील, आणि त्या अर्धमेल्या दोन हॉलांपेक्षा ते कधीही चांगलं.

आत्ता मात्र बाईंना फोन करा, मग त्या गेल्या दोन वर्षांत आलेल्या माणसाला. शिबिराच्या हॉटेलात चॅप्टरसाठी राखून ठेवलेल्या खोल्या लवकर संपतात, तेव्हा चौघांची नावं एकदमच नोंदवा, आणि खर्च चॅप्टरच्या खात्यातून करायचा ठराव मावळत्या बोर्डाकडून डिसेंबरच्या आतच करून घ्या.

तुमची,
ताई